डाव्या कोपराजवळची कचोरी

महामाया सिस्टरच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी त्या ग्रामीण रुग्णालयात ख्याती होती. ख्याती खरी होती, पण अर्धी. उजवी अर्धी.

डाव्या अर्ध्याचा शोध पुष्पांजलीला लागला तो निव्वळ झोपेच्या कृपेने. बीबी गावची ही पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला इंजेक्शन देता यायचं, रडतं लेकरू गप करता यायचं, तोंड घट्ट मिटून बसलेल्या म्हातारीला गोड बोलून गोळी चारता यायची. फक्त सकाळी उठता यायचं नाही. त्या दिवशीही ती अर्धी वेणी घालून होस्टेलवरून धावत आली, तेव्हा महिला वॉर्डात सकाळचा रिपोर्ट सुरू झाला होता. मोठ्या दाराने जावं तर इंचार्ज महामाया सिस्टर समोरच. म्हणून ती ड्रेसिंगच्या खोलीतल्या छोट्या दाराने शिरली, आणि शिरल्यावर तिला कळलं, की हे दार सिस्टरच्या खुर्चीला खेटूनच उघडतं. सिस्टरच्या डाव्या कोपरापासून हातभर अंतरावर ती श्वास रोखून उभी राहिली, वीज पडायची वाट पाहत.

वीज काही पडली नाही. मग ती भिंतीच्या कडेकडेने सरकत रांगेत काजलशेजारी जाऊन उभी राहिली. तेवढ्यात सिस्टरनं मान वळवली.

"काजल, तुही जोडीदारीण कुठं मेली?"

"इथंच हाये नं, सिस्टर," पुष्पांजली म्हणाली.

सिस्टरनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "हाये व्हय. अन् वेणी काऊन अर्धी? बाकीची बीबीले विसरून आली का वं?"

वॉर्ड हसला. पुष्पांजलीही हसली, पण तिच्या डोक्यात दुसरंच चक्र सुरू झालं होतं. हातभर अंतरावरून गेलेली आख्खी पोरगी दिसली नाही, आणि दहा पावलांवरची अर्धी वेणी दिसली. देव एखाद्याला असं फुकटात देतो तेव्हा कारण विचारू नये, असं ठरवून तिनं कारण विचारलं नाही.

झालं. त्या दिवसापासून छोट्या दाराची वाट रुळली. पहिल्या वर्षाच्या पोरी होस्टेलवर आल्या, की त्यांना बादली कुठं ठेवायची, नळाला पाणी कधी येतं आणि उशीर झाला तर कुठल्या दाराने शिरायचं, हे एका दमात सांगितलं जाई. धामणगाव बढ्याची काजल तर ते शिकवताना प्रात्यक्षिकच करून दाखवायची. "उजवीकडून गेली तं मेली. डावीकडून गेली तं राणी. पन एक ध्यानात ठेव. सिस्टरनं मान फिरवली, का पुतळा व्हायचं."

एवढ्यावर थांबली असती तर ती पुष्पांजली कसली. ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गोकुळ शेगावकडून आला, की महामाया सिस्टरसाठी कचोऱ्या आणायचा. कचोरी हा सिस्टरचा एकुलता एक लाड. उजव्या हाताने लिहिता यावं म्हणून ती पुडी टेबलावर डाव्या कोपराजवळ ठेवली जायची, आणि काम संपल्यावर, चहासोबत, अशी तिची वेळ ठरलेली. वॉर्डात पंखा असा खडखडायचा, की त्याच्याखाली माणूस शिंकला तरी ऐकू येऊ नये. एके दिवशी पुष्पांजलीनं जाता जाता पुडीतून एक कचोरी उचलली. सिस्टर लिहीत राहिल्या. दुसऱ्या खेपेला दुसरी. ड्रेसिंगच्या खोलीत, कापसाच्या ड्रमामागे उभं राहून तिनं आणि काजलनं त्या अर्ध्या अर्ध्या खाल्ल्या. चोरीच्या कचोरीला चटणी लागत नाही, असं काजलचं मत पडलं.

सिस्टरनं कचोऱ्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि वॉर्डात वावरणाऱ्या भुरीकडे पाहिलं. भुरी म्हणजे मांजर. बिचारी खिडकीत ऊन खात बसलेली.

"हे भवानीच नेऊन राह्यली," सिस्टर म्हणाल्या. "माह्या नजरेतून माणूस सुटत नाई. मांजरच असन."

भुरीवर खटला चालला नाही, थेट शिक्षा झाली. गोकुळनं तिला पोत्यात घातलं आणि मेहकरकडे जाताना हिवरा आश्रमाजवळ सोडून दिलं. "तिथं प्रसाद भेटते," त्यानं परत येऊन सांगितलं. "वाईट नाई केलं तिचं." पुष्पांजलीनं त्या रात्री अर्धी पोळी ताटातच ठेवली. पण मग तिला वाटलं, प्रसाद म्हणजे आपल्या मेसपेक्षा बराच.

मार्चात काचबिंदू सप्ताह आला. डोळ्यांच्या विभागाचे गजेंद्र सर पोरींचा वर्ग घ्यायला आले. हाडकुळा, मनमिळाऊ माणूस; खिशात सदा टॉर्च. त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "काचबिंदू म्हंजे काय?"

काजलनं हात वर केला. "मोतीबिंदू लय दिवस पिकू देला, का त्याचा काचबिंदू होते, सर."

बऱ्याच माना हलल्या. सरांनी कपाळाला हात लावला. "हे तुले कोन सांगतलं?"

"महामाया सिस्टरनं. त्यायच्या मायचं तसंच झालं म्हणे. पिकत ठेवला, मंग मोठ्या दवाखान्यात नेलं, तं डॉक्टर म्हणे आता ऑपरेशन करून फायदा नाई. आंधळीच गेली."

"पोरीओ, मोतीबिंदू येगळा, काचबिंदू येगळा," सर खुर्ची पुढे ओढून बसले. "मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. काढलं, नवं बसवलं, दिसाले लागते. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते, बहुतेक वेळा आतल्या दाबानं. गेलेली नजर वापस येत नाई. आहे ते राखता येते, तेही टाइमावर पकडलं तं. अन् पकडावं कसं? दुखत नाई, लाल होत नाई. समोरचं बारीक अक्षर सुद्धा वाचता येते. कडेकडेनं जाते नजर. माणूस दाराच्या चौकटीले धडकते, बाजूनं कोनी आलं तं त्याले समजत नाई, अन् वाटते, आपली नजर एक नंबर हाये. घरात कोनाले असला, तं पोराबाळायले जास्त धोका."

पुष्पांजलीनं काजलकडे पाहिलं. काजल आधीच तिच्याकडे पाहत होती.

मग सरांनी दोघी-दोघींना समोरासमोर बसवून एक डोळा झाकायला लावला, बाजूने बोटं हलवत आत आणायला शिकवलं. सगळ्या वर्गात खिदळणं सुरू झालं. पुष्पांजलीचं बोट मात्र हवेतच थांबलं होतं. तिला आठवत होतं: औषधाची ट्रॉली सिस्टरच्या डाव्या कमरेला नेहमी लागते, आणि सिस्टर म्हणतात, "हे कोन इथं ठेवलं." ट्रॉली रोज तिथंच असते.

"बोट हलव ना बे," काजल म्हणाली.

"काजल, थे वाट आपल्याले देवानं नव्हती देली."

संध्याकाळी होस्टेलच्या पायरीवर दोघी बसल्या. काजल हिशेबी पोरगी. "सांगशील कसं? सिस्टर, तुम्हाले डावीकडचं दिसत नाई. तुले कसं समजलं? काऊन का आम्ही सालभर तिकूनच येतो. अन् कचोरी? अन् भुरी?" तिनं भुरीचं नाव घेताना आवाज खाली केला. "आपली केसबुक त्यायच्या सहीवाचून अडते. घरी पाठवून देतीन आपल्याले."

"मंग सरायले सांगू."

सरांना सांगितलं. सर हसले. "ताईची नजर? अवं, सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते त्या. माह्या तक्त्यावरची खालची ओळ तं सोडाच, त्याच्याखालचं छापखान्याचं नाव सुद्धा वाचते. तुम्हाले काऊन वाटते असं?"

दोघी छताकडे पाहू लागल्या. छतावर पाल होती. तिनंही मदत केली नाही.

मग सरळ सिस्टरकडेच गेल्या. "सिस्टर, आमाले प्रॅक्टिस कराले एक डोळा पायजे. तुमचा घेऊ का?"

"माहा काऊन? वॉर्ड भरला म्हाताऱ्यायनं. मले काय झालं? दुखत नाई, खुपत नाई. तीस वर्सं झाले, दुसऱ्यायचे डोळे मीच ओढत नेते सरायकडे." आणि सिस्टर ट्रॉली ओढायला वळल्या, आणि ट्रॉली त्यांच्या डाव्या कमरेला लागली. "हे कोन इथं ठेवलं?"

पुष्पांजली त्या रात्री झोपली नाही, हे ऐकून कुणाचाही विश्वास बसला नसता. ही सिस्टर तिला रोज टाकून बोलायची, खरं. पण पहिल्या वर्षी, पहिलं मरण पाहून ती जिन्याखाली रडत बसली होती, तेव्हा याच सिस्टर येऊन तिच्याजवळ बसल्या होत्या. तिची सुटलेली वेणी घट्ट घालून दिली आणि म्हणाल्या, "चाल, तीन नंबरचं सलाईन संपलं असन." वेणीबद्दलची त्यांची कटकट तेव्हापासूनची.

सकाळी ती वेळेवर उठली, मोठ्या दारातून आली. सिस्टरनं घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तब्येत बरी नाई का वं?"

त्या दिवशी डोळे तपासणीचं शिबिर होतं. सिस्टर वॉर्डातल्या बायांना घेऊन डोळ्यांच्या खोलीत बसल्या होत्या. बाकावर चार-पाच म्हाताऱ्या, त्यात सगळ्यात पुढं गीताबाई, जिचं तोंड दवाखान्यात कुणालाच बंद करता आलं नव्हतं. गोकुळ नुकताच शेगावहून येऊन पुडी देऊन गेलेला. सवयीप्रमाणे पुडी डाव्या कोपराजवळ.

पुष्पांजली समोर जाऊन उभी राहिली. "सिस्टर, पैज लावता का?"

"कायची?"

"ह्या पुडीतली कचोरी मी उचलते. तुमच्या देखत, दिवसाढवळ्या. तुम्ही सरायच्या नाकाकडे पाह्यचं, मान हलवाची नाई. मी हात लावला का मले पकडाचं. पकडलं, तं महिनाभर सारे बेडपॅन मी एकटी धुईन."

बाकावर खसखस पिकली. सिस्टरच्या ओठांचा कोपरा हलला. "अन् नाई पकडलं तं?"

"तं तुम्ही त्या खुर्चीवर बसाचं. सर डोळे तपासतीन."

"चाल. बेडपॅन घासाची पावडर आनून ठेव."

गजेंद्र सर मजेनं समोर येऊन बसले, नाक पुढे करून. आधी काजल उजवीकडून आली. तिचा हात टेबलाच्या कडेलाही पोचला नव्हता. "हात मांगे घे," सिस्टर नाकावरची नजर न हलवता म्हणाल्या. बाया हसल्या.

मग पुष्पांजली डावीकडून आली. पुडी उघडली. कचोरी उचलली. इथलाही पंखा खडखडत होता. तिनं कचोरीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. चव लागली नाही. तिनं दुसरा तुकडा मोडला, हात वर करून गीताबाईला दाखवला. गीताबाईचं हसून हसून डोळ्यात पाणी आलं.

"ये नं आता," सिस्टर सरांच्या नाकाला उद्देशून म्हणाल्या. "भेव लागलं का?"

बाया आणखी हसल्या.

"काऊन थांबली वं? पोट्टी मोठी पैजा लावून राह्यली होती. उचल नं."

"बाई," गीताबाई म्हणाली, "थे तं खाऊन राह्यली."

हसू एकदम थांबलं नाही. बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विझत गेलं. सगळ्यात आधी ते सरांच्या चेहऱ्यावरून गेलं होतं. सिस्टरनं मान वळवली. हातभर अंतरावर पुष्पांजली उभी होती, हातात अर्धी कचोरी, ओठाला चुरा लागलेला, आणि डोळे भरलेले.

मग सिस्टर उठल्या, साडीचा पदर सारखा केला आणि तपासणीच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पैज म्हणजे पैज.

"ताई," दाब मोजून झाल्यावर सर हळूच म्हणाले, "मायचं तं मले माहीत होतं. मीच कधी तुम्हाले बसवलं नाई. तुमी म्हणे दिसते, मी म्हणो दिसते."

बुलढाण्याला पेशंट सोडायला जाणाऱ्या गाडीतच सिस्टरना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. सोबत पुष्पांजली, तिला कोणी बोलावलं नव्हतं, ती बसली होती. डॉक्टरीणबाईंनी यंत्रं लावली, थेंब टाकले, प्रकाश पाडले. मग सांगितलं, की डाव्या डोळ्याचं गेलं ते गेलं. उजव्यात सुरुवात आहे, तो राखता येईल. रोज थेंब, जन्मभर, एकही दिवस न चुकता. "अजून दोन वर्षांनी आल्या असत्या तर उजवाही हातचा गेला असता," त्या म्हणाल्या. "पकडलं कोणी?"

सिस्टरनं नुसतं हनुवटीने पुष्पांजलीकडे दाखवलं.

"शाब्बास. कसं लक्षात आलं?"

"हे तुमाले सांगाले लागलं नं," सिस्टर म्हणाल्या, "तं तुमची ओपीडी बंद पडन."

परत येताना सिस्टर पुढे गोकुळशेजारी बसल्या होत्या. पुष्पांजली पाठमोऱ्या अंबाड्याकडे पाहत बसली होती. चिखली मागे पडली, तेव्हा सिस्टर समोरच्या काचेकडे पाहतच बोलल्या.

"म्हंजे भुरीनं नाई नेली कचोरी."

"नाई, सिस्टर."

"एकही?"

"एकही."

गाडी दोन खड्डे पुढे गेली.

"अन् तू रोज टाइमावर यायची, असं मी तुह्या बापाले सांगतलं होतं. किसनरावले म्हटलं, तुही पोरगी कधी उशीर करत नाई." सिस्टरचे खांदे हलले. पुष्पांजलीला आधी वाटलं रडतायत. मग तिला आवाज ऐकू आला. सिस्टर हसत होत्या, आणि हसताहसताच पदरानं डोळे पुसत होत्या, दोन्ही. "गोकुळ, हिवरा आश्रमाजवळ गाडी थांबव."

भुरी सापडायला वेळ लागला नाही. ती पंगत उठल्यावरच्या सावलीत पसरली होती, आणि पूर्वीच्या दीडपट झाली होती. महामाया सिस्टर, ज्यांच्यापुढे डॉक्टरसुद्धा आवाज खाली करून बोलत, त्या मांजरीपुढे वाकून उभ्या राहिल्या. "चाल वं बाई," त्या म्हणाल्या. "चुकलं माहं."

भुरीनं एक डोळा उघडला, पाहिलं आणि मिटला.

"नाई येत थे," गोकुळ म्हणाला. "इथं रोज मुगाची खिचडी हाये. तुमच्या वॉर्डात काय हाये?"

तिला तिथंच सोडून ते निघाले.

आता छोट्या दाराने कोणी येत नाही. गोकुळनं जुन्या मोटरसायकलचा आरसा आणून सिस्टरच्या टेबलाला डावीकडे पक्का बसवलाय, आणि त्यात ड्रेसिंगच्या खोलीपासून कापसाच्या ड्रमापर्यंत सगळं दिसतं. पहिल्या वर्षाच्या पोरींना हे कुणी वेळेत सांगितलं नाही. त्यातल्या दोघी आठवडाभर बेडपॅन धूत होत्या. वॉर्डात कुणाचा मोतीबिंदू पिकत ठेवलाय असं कानावर आलं, की सिस्टर आता स्वतः त्याच्या नातेवाइकांना धरून बसवतात आणि काजलला हाक मारतात. काजलला मोती आणि काच यातला फरक तोंडपाठ म्हणावा लागतो. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

थेंबाचं काम मात्र पुष्पांजलीकडे आलं. तीस वर्षं लोकांना सुया टोचणारी ही बाई स्वतःच्या डोळ्यात थेंब पडताना लहान लेकरासारखी अंग चोरते, हे दवाखान्यात तिच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. संध्याकाळी ड्युटी बदलली, की सिस्टर खुर्चीत मान मागे टाकतात, पुष्पांजली हनुवटी धरते.

"हलू नका."

"हलत नाई मी. तुहाच हात हलून राह्यला."

"पापणी मिटू नका. हां. झालं. आता मिटा, नाकाजवळचा कोपरा दाबून धरा."

एके दिवशी असंच झालं. सिस्टर डोळे मिटून, बोटानं कोपरा दाबून बसल्या. वॉर्डात दिवे लागले होते. पंखा बंद होता. वायरमन संध्याकाळी खोलून गेला होता. टेबलावर, नव्या नियमानं आता उजव्या कोपराजवळ, पुडी. पुष्पांजलीनं दिवसभर काही खाल्लं नव्हतं. सिस्टरचे दोन्ही डोळे मिटलेले. आरशात फक्त कापसाचा ड्रम. तिचा हात आपोआपच पुढे गेला. सवय कुठं अशी जाते.

कागद चुरचुरला.

सिस्टरचा मोकळा हात तिच्या मनगटावर बसला. डोळे मिटलेलेच.

"दोन हायेत," सिस्टर म्हणाल्या. "माही ठेव. अन् अगोदर वेणी बांध, सुटली असन."

पुष्पांजलीनं मागं हात नेऊन पाहिलं. सुटलीच होती.